तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. : खानापूरहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

प्रश्न खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थिनीचा आहे. दहावीपर्यंत तिचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पीयूसीला (कर्नाटकातील अकरावी-बारावीला) तिने भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र हा गट घेतला आणि दुसऱ्या वर्षाला तिला ७८ टक्के गुण मिळाले. नीटमध्ये मात्र वैद्यकीय प्रवेश मिळण्याइतका क्रमांक आला नाही. तालुक्याच्या लहान महाविद्यालयात रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करावे, रोज बेळगावला जाऊन मोठ्या महाविद्यालयात तेच विषय घ्यावेत, की एक वर्ष थांबून पुन्हा नीट द्यावी, असे ती विचारते. पुढे तिने लिहिले आहे, ‘लहान कॉलेजात बायोलॉजी केलेल्यांचं पुढे काही होतं का? इंग्रजी कच्चं असताना मला ते झेपेल का? आणि वर्ग सुरू होईपर्यंत मी काय वाचू?’

मी बेळगाव जिल्ह्यातल्या अशाच एका तालुक्याच्या महाविद्यालयात २७ वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवत आहे. त्यामुळे माझे उत्तर एका बाजूला झुकण्याची शक्यता आहे, हे तुम्ही आधीच लक्षात घ्यावे. शिवाय तुमच्या घरची परिस्थिती, गावापासून बसथांब्याचे अंतर, धाकट्या भावंडांची जबाबदारी आणि पुढे किती वर्षे शिकू देण्याची घरच्यांची तयारी आहे, या गोष्टी मला माहीत नाहीत. निर्णयाचा अर्धा भाग त्यांवरच अवलंबून आहे. उरलेल्या अर्ध्या भागाबद्दल मी अनुभवावरून सांगू शकतो.

तुम्ही विचारले आहे महाविद्यालयाच्या आकाराबद्दल, पण खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. गेली दोन वर्षे तुम्ही जीवशास्त्र शिकलात ते एका परीक्षेसाठी. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे असतात आणि तिथे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिलेल्या चार पर्यायांपैकी एक असते. पाठांतर पक्के असेल तर ते सापडते. पदवीचे जीवशास्त्र हा त्याच अभ्यासाचा पुढचा भाग आहे असे समजून पुष्कळ मुले येतात आणि पहिल्या सहामाहीतच कंटाळतात, कारण इथे सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते पुस्तकातल्या आकृतीसारखे नसते आणि खाली चार पर्यायही छापलेले नसतात. दिसलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे, ती मोजणे, आणि आपण चुकलो तर नेमके कुठे चुकलो हे शोधणे, ही सवय तीन वर्षांत लागेल अशी जागा कोणती, हे तुम्हाला ठरवायचे आहे. ती जागा मोठ्या महाविद्यालयात असू शकते, लहान महाविद्यालयातही असू शकते, आणि दोन्हीकडे नसूही शकते.

नीटबद्दल थोडक्यात सांगतो. गुण प्रवेशाच्या अगदी जवळ राहिले असतील आणि तुम्हाला मनापासून डॉक्टर व्हायचे असेल, तर एक वर्ष थांबणे गैर नाही. परंतु ते एकच वर्ष, आणि ते पूर्णपणे त्या परीक्षेलाच दिलेले असावे. बी.एस्सी.ला नाव घालून घरी नीटची तयारी करणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. त्यांतल्या बहुतेकांचे दोन्हीकडे नुकसान होते, कारण प्रात्यक्षिके बुडतात आणि पहिल्या वर्षाचा पाया कायमचा कच्चा राहतो. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून नाइलाजाने जीवशास्त्र घेणार असाल तर मात्र आधी आठ दिवस शांतपणे विचार करा. नाइलाजाने घेतलेल्या विषयात प्रयोगशाळेत तीन तास उभे राहणे फार जड जाते.

आता अंतराचा मुद्दा. खानापूर ते बेळगाव हे अंतर साधारण २६ किलोमीटर आहे आणि जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे कर्नाटकातील मुलींना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, त्यामुळे पैशाची अडचण बरीच कमी झाली आहे. वेळेची अडचण तशीच आहे. तुमचे गाव खानापूरच्या पश्चिमेला जंगलाच्या बाजूला असेल, तर गावातून खानापूर, तिथून बेळगाव आणि संध्याकाळी तसेच परत, यात रोजचे चार तास सहज जातात, आणि पावसाळ्यात त्याहूनही जास्त. शेवटची बस चुकेल या भीतीने प्रात्यक्षिक अर्धे सोडून निघालेली मुले मी पाहिली आहेत. बेळगावात वसतिगृह किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय होत असेल तर हिशेब बदलतो आणि मोठ्या महाविद्यालयाचे पारडे जड होते, कारण तिथे ग्रंथालय चांगले असते, विषयांचे जास्त पर्याय असतात आणि पुढच्या परीक्षांची तयारी करणारे सोबती मिळतात. सोय नसेल तर ते चार तास तुम्ही कशासाठी खर्च करणार आहात, हे आधी पाहा.

ते पाहण्यासाठी दोन्ही महाविद्यालयांत प्रवेशाच्या खिडकीवर न थांबता थेट प्रयोगशाळेत जावे. वडिलांना किंवा काकांना बरोबर न्या आणि प्रात्यक्षिकाच्या वेळेला पाच मिनिटे आत उभे राहण्याची परवानगी मागा. एका सूक्ष्मदर्शकावर किती विद्यार्थी आहेत ते मोजा. सॅफ्रानिन आणि ॲसिटोकार्माइन या पेशी रंगवण्याच्या रंगांच्या बाटल्यांवर तयार केल्याची तारीख आहे का ते पाहा. ती याच वर्षाची असेल तर त्या बाटल्या वापरात आहेत असे समजावे. बेसिन कोरडे ठणठणीत असेल आणि फॉर्मॅलिनमधील नमुन्यांच्या बरण्या पिवळ्या पडलेल्या असतील, तर प्रात्यक्षिके वहीतच होतात असे मानायला हरकत नाही. नंतर तेथील प्राध्यापकांना तीन गोष्टी विचारा. विभागात कायम शिक्षक किती आणि अतिथी व्याख्याते किती आहेत? वर्ग संपल्यावर प्रयोगशाळेत बसू देता का? आणि तिसरी, जी लहान महाविद्यालयात विचारायलाच हवी: विद्यार्थी कमी आले तरी हा विषयगट तिन्ही वर्षे चालू राहील का? दहा-बारा विद्यार्थ्यांच्या वर्गात एखादा विषय मध्येच बंद होण्याचा धोका असतो आणि त्याची झळ विद्यार्थ्यालाच बसते. अतिथी व्याख्याते कमी प्रतीचे असतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्या विभागातील उत्तम शिक्षकांपैकी काही जण अतिथी म्हणूनच राबले आहेत. परंतु ते पुढच्या वर्षी असतीलच असे नसते, आणि तीन वर्षे तुम्हाला ओळखणारा एक तरी शिक्षक असणे किती महत्त्वाचे आहे, ते पुढे सांगतो.

प्रयोगशाळेवर मी इतका भर का देतो, त्याचे कारण एका प्रसंगात आहे आणि त्यात चूक माझी होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत कांद्याच्या मुळाच्या टोकातील सूत्री विभाजनाचे प्रात्यक्षिक चालू होते. पेशी विभागताना गुणसूत्रे दिसावीत म्हणून मुळाचे टोक कापून अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्लाच्या मिश्रणात स्थिर करायचे, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायचे, रंग द्यायचा आणि कव्हरस्लिपखाली अंगठ्याने अलगद दाबायचे, एवढी ती रीत. वेळ वाचावा म्हणून मी मुळे दुपारी कापायला सांगितली. एका विद्यार्थ्याच्या स्लाइडवर दीडशे पेशी पाहूनही एकही विभागणारी पेशी सापडेना. जर्नल त्याच आठवड्यात तपासायचे होते, म्हणून मी त्याला भिंतीवरच्या तक्त्यावरून आकृती काढायला सांगितले. त्याने काढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो घरी पाण्यावर ठेवलेल्या कांद्याची मुळे कापून, त्याच मिश्रणात बुडवून, औषधाच्या बाटलीतून घेऊन आला. त्या स्लाइडवर एका पेशीत गुणसूत्रे मध्यावर ओळीने मांडलेली होती, तर दुसऱ्या एका पेशीत ती इतकी सुटी पसरली होती की मोजता येत होती. त्याने ती चार वेळा मोजली. एकदा १५ आली, तीनदा १६. कांद्याची गुणसूत्रे १६ असतात हे त्याला पुस्तकातून माहीत होतेच, तरीही १५ कशी आली हे शोधण्यासाठी तो पुन्हा नळी वरखाली करत बसला, तेव्हा दोन गुणसूत्रे एकमेकांवर आडवी पडलेली त्याला दिसली. कांद्याच्या मुळातील पेशी दिवसभर सारख्याच प्रमाणात विभागत नाहीत आणि सकाळी कापलेल्या मुळांत विभाजन अधिक सापडते, हे मला माहीत होते. वेळापत्रकापुढे मी ते बाजूला ठेवले होते. तेव्हापासून मी तक्त्यावरून आकृती काढू देत नाही. दिसले नाही तर ‘दिसले नाही’ असे लिहा आणि का दिसले नसावे ते लिहा, असे सांगतो. हे तो विद्यार्थी करू शकला, कारण आमच्याकडे सकाळी सात वाजता प्रयोगशाळा उघडून द्यायला शिपाई तयार होते आणि तिथे रांग नव्हती. लहान महाविद्यालयाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. मात्र तो मागितल्याशिवाय मिळत नाही.

उपकरणे कमी आहेत ही तक्रार खरी आहे. आमच्याकडे जनुकांवर काम करण्याची साधने फारशी नाहीत आणि तुमच्या तालुक्यातही नसावीत; डीएनएच्या असंख्य प्रती काढणारे पीसीआर यंत्र तुम्हाला पदवीच्या काळात कदाचित चित्रातच पाहावे लागेल. पण साध्या सूक्ष्मदर्शकावर करण्यासारखे इतके काम असते की तीन वर्षे अपुरी पडतात. एक उदाहरण सविस्तर देतो, म्हणजे मी कोणत्या प्रकारच्या अभ्यासाबद्दल बोलतो आहे ते कळेल.

जास्वंदीच्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर लावा, दहा मिनिटे वाळू द्या, चिकटपट्टीने तो पापुद्रा उचला आणि काचपट्टीवर बसवा. पानाचा ठसा त्यावर उमटलेला असतो आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रे, स्वच्छ दिसतात. आता ती मोजायची. नेत्रिकेवर, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावर, १०× च्या पुढे १८ हा आकडा कोरलेला असेल आणि वस्तुभिंग, म्हणजे काचपट्टीकडचे भिंग, ४०× चे असेल, तर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास १८ भागिले ४०, म्हणजे ०.४५ मिलिमीटर असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ०.१६ चौरस मिलिमीटर होते. त्यात ३२ पर्णरंध्रे मोजली, तर एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २०० झाली. पीयूसीतले गणित इथे उपयोगी पडते, आणि खर्च नेलपॉलिशच्या एका बाटलीचा.

माझ्या एका विद्यार्थिनीने हेच काम घेतले होते. महामार्गाच्या कडेच्या जास्वंदीवर धूळ बसते, त्यामुळे तिथल्या पानांतील पर्णरंध्रांची संख्या वेगळी असेल का, असा तिचा प्रश्न होता. तिने रस्त्याकडेच्या एका झाडाचे एक पान आणि आपल्या परसातल्या झाडाचे एक पान घेतले, प्रत्येकी २५ ठिकाणी मोजणी केली आणि रस्त्याकडे संख्या जास्त आली म्हणून निष्कर्ष लिहून आणला. मोजणी अतिशय काळजीपूर्वक केली होती, निष्कर्ष मात्र टिकत नव्हता. मी तिला विचारले, तू २५ नमुने घेतलेस की एकच? एका पानावर २५ ठिकाणी मोजले तरी ते पान एकच असते. त्या पानाबद्दल आपली खात्री वाढते, रस्त्याबद्दल काहीच कळत नाही. पाच वेगवेगळ्या झाडांची पाच-पाच पाने घेतली असती तर मोजणी तेवढीच झाली असती आणि कळले मात्र कितीतरी जास्त असते. दुसरी अडचण तिची तिलाच सापडली, आणि त्याचा मला फार आनंद झाला. परसातले झाड फणसाच्या सावलीत होते आणि रस्त्याकडचे भर उन्हात. उन्हातल्या पानांत पर्णरंध्रे साधारणतः दाट असतात. म्हणजे दिसलेला फरक धुळीचा की उन्हाचा, हे सांगताच येत नव्हते. ती पुन्हा निघाली आणि महिनाभर उन्हातली पण रस्त्यापासून दूर असलेली झाडे शोधत फिरली. शेवटी फरक जवळजवळ उरला नाही. तिला वाटले, प्रकल्प वाया गेला. माझ्या मते त्या वर्षी आमच्या विभागात झालेले ते सर्वांत चांगले काम होते, कारण कशाची तुलना कशाशी करायची हे जीवशास्त्रातले सर्वांत अवघड कौशल्य ती स्वतःच्या पायांनी फिरून शिकली.

अशा कामासाठी आपला भाग किती अनुकूल आहे, याची जाणीव इथल्या फार थोड्या विद्यार्थ्यांना असते. तुमच्याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगम पावलेली म्हादई पश्चिमेकडे गोव्यातून समुद्राला जाते. कणकुंबीच्या मुसळधार पावसापासून अथणी-रामदुर्गच्या कोरड्या माळापर्यंतचा सगळा उतार एका जिल्ह्यात आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतील वटवाघळाची एक जात १९१३ साली ओल्डफील्ड थॉमस या शास्त्रज्ञाने नव्याने नोंदवली आणि रॉटन या वन अधिकाऱ्याचे नाव तिला दिले. पुढे कितीतरी दशके जगात ती फक्त त्या गुहेतूनच माहीत होती. नंतर मेघालय आणि कंबोडियातही ती सापडली. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जाऊ नये, काहीही गोळा करू नये, आणि गुहांत तर शिरूच नये. पदवीच्या अभ्यासाला शेताचा बांध, विहीर, भाताचे खाचर आणि रस्त्याकडेची झाडे पुष्कळ होतात.

प्राणिशास्त्राबद्दल तुम्ही वेगळे विचारलेले नाही, तरी सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निर्बंधांमुळे गेल्या दहा-बारा वर्षांत विच्छेदनाची प्रात्यक्षिके थांबली. ते योग्यच झाले, परंतु बऱ्याच ठिकाणी त्या जागी चित्रे आणि चित्रफिती आल्या आणि प्राणी पाहणेच संपले. तुमच्या महाविद्यालयात तसे असेल तर खाचरातले पाणी बरणीत आणून त्यातले जीव पाहण्याची परवानगी मागा. कोणताही चांगला शिक्षक त्याला नाही म्हणणार नाही.

आता इंग्रजी. पदवीचे विज्ञान आपल्याकडे इंग्रजीतच आहे, परीक्षाही इंग्रजीत आणि पुढचे सगळे वाचन इंग्रजीतच, त्यामुळे ते टाळता येणार नाही. पण मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याकडे एक ठेव असते आणि ती पीयूसीला आल्यावर तो उगाच टाकून देतो. मायटोसिस हा शब्द पाठ करावा लागतो. सूत्री विभाजन म्हटले की सूत्रे, म्हणजे दोऱ्यांसारखे धागे, डोळ्यांसमोर येतात. ट्रान्स्पिरेशन आणि रेस्पिरेशन यांत गोंधळणारी मुले बाष्पोत्सर्जन आणि श्वसन यांत कधीच गोंधळत नाहीत. मी विद्यार्थ्यांना एक वही करायला लावतो. एका पानावर पाच शब्द, प्रत्येकाचा इंग्रजी शब्द देवनागरीतही लिहिलेला, त्याचा मराठी शब्द, आणि खाली त्या शब्दाचे स्वतः रचलेले एक इंग्रजी वाक्य. वाक्य चुकले तरी चालेल, पण पुस्तकातून उतरवलेले नसावे. पहिल्या सहामाहीत रोज पाच शब्द केले की दुसऱ्या सहामाहीत पुस्तक वाचताना अडखळणे बरेच कमी होते, असा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. वर्गात प्रश्न मराठीत विचारायला संकोच करू नका; शिक्षक कन्नड असतील तर मोडक्या कन्नडात विचारा. सीमाभागात राहण्याचा जीवशास्त्राला एक फायदाच होतो. ज्याला आपण ऐन म्हणतो त्याला कन्नडात मत्ती म्हणतात आणि पुस्तकात तो टर्मिनॅलिया असतो. आपले जांभूळ तिकडे नेरळे होते. गावोगावच्या जाणत्या माणसांकडून झाडांची माहिती काढायची तर दोन्ही नावे यावी लागतात, आणि ती ज्याला येतात त्याला वर्गातल्या इतर कोणापेक्षा झाडे लवकर ओळखता येतात.

विषयांच्या निवडीत माझा एकच आग्रह आहे. रसायनशास्त्र सोडू नका आणि गणित विसरू नका. विकरे, प्रथिने, पेशीचे पटल, यांतले काहीही रसायनशास्त्राशिवाय समजत नाही. जीवतंत्रज्ञान नावाचा विषय आकर्षक वाटतो, पण प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी तो केवळ टिपणांतून शिकवला जातो. त्यापेक्षा नीट शिकवलेले वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र केव्हाही चांगले. आधीच्या तुकड्यांतील मुलामुलींचा सल्ला घेताना एक काळजी घ्या. कर्नाटकात २०२१-२२ मध्ये चार वर्षांच्या पदवीची रचना आली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी झाली. त्यामुळे त्यांच्या वेळचे पेपर आणि श्रेयांक तुम्हाला लागू होतीलच असे नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम स्वतः उतरवून घ्या.

‘पुढे काही होतं का?’ याचे प्रामाणिक उत्तर असे की, नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारे काम थोडे आणि बहुधा कमी पगाराचे असते; औषध कंपन्यांतील आणि साखर कारखान्यांतील प्रयोगशाळा, रोगनिदान केंद्रे, बियाण्यांच्या कंपन्या, असे ते क्षेत्र आहे. शाळेत शिकवायचे तर बी.एड. लागते, महाविद्यालयात शिकवायचे तर एम.एस्सी. आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. म्हणून तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा विचार करा आणि घरच्यांना तो आजच सांगा. तिसऱ्या वर्षी ‘आता पुरे’ असे घरातून ऐकावे लागलेल्या हुशार मुली मी पाहिल्या आहेत, आणि घरच्यांशी आधीच बोलणे झाले असते तर काही तरी वेगळे घडले असते असे मला आजही वाटते. एम.एस्सी.साठी जवळ धारवाड आणि कोल्हापूर आहेत. त्यापलीकडे जायचे असेल तर आयआयटीसारख्या संस्थांतील एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षेचा जीवतंत्रज्ञानाचा पेपर, केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आणि जीवतंत्रज्ञानाच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी, या परीक्षा आहेत. जॅमच्या त्या पेपरात जीवशास्त्राबरोबर बारावीच्या पातळीचे रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणितही असते. तुमचा पीयूसीचा गट त्यासाठी अगदी योग्य आहे. ती पुस्तके विकू नका. वनसेवेकडे ओढ असेल तर केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवा परीक्षेला वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र असलेली पदवी चालते. सीमाभागातील गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रात काही प्रवेशांत स्वतंत्र तरतूद आहे. तुमचे गाव महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असेल तर त्याचा दाखला वेळेत काढून ठेवा.

तीन वर्षे ओळखणारा शिक्षक का हवा, हे सांगायचे राहिले होते. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी दोन महिने एखाद्या मोठ्या संस्थेतील शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काम करतो, आणि जे पीसीआर यंत्र आमच्याकडे नाही ते तिथे त्याच्या हाताखाली असते. अर्ज साधारण दिवाळीच्या सुमारास निघतात; सोबत स्वतःचे छोटे टिपण आणि शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. दीडशे विद्यार्थ्यांना शिकवणारा शिक्षक ‘ही विद्यार्थिनी नियमित आणि कष्टाळू आहे’ असे लिहितो, आणि ते प्रत्येक पत्रात असते. जास्वंदीच्या त्या विद्यार्थिनीसाठी मी लिहू शकलो की, तिने स्वतःच्या निष्कर्षातील चूक स्वतः शोधली आणि ती दुरुस्त करण्यासाठी महिनाभर फिरली. तिची निवड झाली. निवड एका पत्रावर होत नाही, हे खरे. पण तसे पत्र लिहिण्यासारखे काम तिच्या हातून झाले होते आणि ते पाहायला मी तिथे होतो.

तेव्हा तुमच्यापुरते माझे मत असे. बेळगावात राहण्याची सोय होत असेल आणि तिथल्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला हात लावू देत असतील, तर बेळगावला जा. सोय होत नसेल आणि तालुक्याच्या महाविद्यालयात एक तरी कायम शिक्षक असा असेल जो दुपारनंतर प्रयोगशाळेची किल्ली देतो, तर बसमधले चार तास वाचवा आणि ते तिथे घालवा. त्या प्रयोगशाळेला कुलूपच दिसले, तर मात्र प्रवास सोसून बेळगावच बरे.

वर्ग सुरू होईपर्यंत काय वाचू, असे तुम्ही विचारले आहे. नवे काही वाचू नका. पहिल्या वर्षी वनस्पतिशास्त्रात बहुधा शेवाळे, बुरशी आणि मॉस येतात, आणि तुमच्याकडे पाऊस सुरू झाला की चिऱ्याच्या गडग्यावर मॉस हिरवेगार होते. दहापट मोठे दाखवणारे हातभिंग विकत घ्या. गडग्यावरच्या वाळलेल्या कोरड्या भागातला मॉसचा एक तुकडा बशीत ठेवा, वरून पाण्याचे दोन थेंब टाका आणि भिंगातून पाहत राहा. मिटलेली पाने काही मिनिटांतच उघडू लागतात. त्याला किती वेळ लागला ते घड्याळात पाहून लिहा, दुसऱ्या तुकड्यावर पुन्हा करा, सावलीतला तुकडा आणि उन्हातला तुकडा वेगवेगळे वागतात का ते पाहा, आणि दिसेल ते मराठीत लिहून ठेवा. पहिल्या प्रात्यक्षिकाला जाताना ती वही बरोबर न्या आणि शिक्षकांना दाखवा.